रोग्याचे नाव

भंडारा जिल्हा हा धानाचा जिल्हा. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर आणि जुन्या तलावांच्या पोटाशी पसरलेल्या बांध्यांमधून दिवाळीच्या सुमारास धान पिकून पिवळे होते आणि गावोगाव विळ्यांना धार लावण्याची गडबड उडते. तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर किंवा पवनी, कोणत्याही तालुक्यातील लहान मुलाला विळा कसा असतो हे सांगावे लागत नाही. अर्धचंद्रासारखे वाकलेले आणि टोकाशी निमुळते झालेले ते लोखंडी पाते त्याने घराच्या कुडाला खोचलेले नित्य पाहिलेले असते. परंतु याच जिल्ह्यातील कित्येक घरांत विळ्याचे नाव दुसऱ्या एका अर्थाने आणि हलक्या आवाजात घेतले जाते. तो विळा शेतात नसतो, माणसाच्या रक्तात असतो. विळ्याला इंग्रजीत ‘सिकल’ म्हणतात. त्यावरून त्या रोगाला ‘सिकलसेल’ हे नाव पडले. ज्या तरुणाच्या रक्तात वैद्यकशास्त्राला हा विळा प्रथम दिसला, त्याचे स्वतःचे नाव मात्र जग दीर्घकाळ विसरून गेले होते. त्या तरुणाची ही हकीकत आहे.

वेस्ट इंडीजच्या द्वीपसमूहात ग्रेनाडा नावाचे एक चिमुकले बेट आहे. त्या काळी तेथे इंग्रजांचे राज्य होते. १८८४ साली या बेटावर वॉल्टर क्लेमेंट नोएल याचा जन्म झाला. त्याचे घराणे कृष्णवर्णीय समाजातील असून जमीनजुमला बाळगणारे आणि प्रतिष्ठित होते. मुलगा बुद्धीने तल्लख निघाला. बेटावरील शिक्षण पुरे पडेना म्हणून त्याला बार्बाडोस बेटावरील हॅरिसन कॉलेजात पाठविण्यात आले. तेथील शिक्षण आटोपल्यावर त्याने दंतवैद्य होण्याचे ठरविले आणि १९०४ सालच्या सप्टेंबरात, वयाच्या विसाव्या वर्षी, तो अमेरिकेला जाणाऱ्या जहाजावर चढला.

समुद्रप्रवासातच त्याच्या घोट्यावर एक जखम झाली. ती दुखे, चिघळे आणि लवकर भरून येईना. न्यूयॉर्क बंदरात उतरल्यावर त्याने तिच्यावर उपचार करून घेतले आणि तो शिकागोला जाऊन दंतवैद्यकाच्या महाविद्यालयात दाखल झाला. परका देश, गोठवून टाकणारी थंडी आणि भोवती सगळी अनोळखी माणसे. त्याच्यासारखे कृष्णवर्णीय विद्यार्थी तेथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. पहिल्याच हिवाळ्यात त्याला खोकला जडला, ताप येऊ लागला, चार पायऱ्या चढताच धाप लागू लागली. डिसेंबर संपत आला असता त्याला शिकागोच्या प्रेसबिटेरियन रुग्णालयात दाखल व्हावे लागले.

त्या रुग्णालयात अर्नेस्ट आयर्न्स नावाचे एक तरुण डॉक्टर नुकतेच उमेदवारी करीत होते. त्यांनी नोएलच्या रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शक यंत्राखाली धरला, तेव्हा जे दिसले ते पाहून ते थक्क झाले. निरोगी माणसाच्या रक्तातील तांबड्या पेशी गोल, मध्ये किंचित दबलेल्या, चकतीसारख्या असतात. या रक्तात तशा पेशी होत्याच. परंतु त्यांच्यामध्ये लांबट, बाकदार, दोन्ही टोकांना निमुळत्या झालेल्या अशा अनेक पेशी दिसत होत्या. आयर्न्स यांनी ही गोष्ट आपले वरिष्ठ डॉक्टर जेम्स हेरिक यांना दाखविली. हेरिक हे मोठे सावध वैद्य होते. त्यांनी पुनःपुन्हा रक्त तपासले. पोटातील जंत, हिवताप आणि इतर ज्ञात रोग यांचा एकेक करून विचार केला. परंतु कोणत्याही ज्ञात रोगाशी या लक्षणांचा मेळ बसेना. सुमारे अडीच वर्षे त्यांनी या रोग्यावर लक्ष ठेवले आणि १९१० सालच्या नोव्हेंबरात वैद्यकीय मासिकात एक निबंध प्रसिद्ध केला. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींचे पाश्चात्त्य वैद्यकशास्त्रातील ते पहिले वर्णन होय. त्या निबंधात रोग्याचे वय होते, त्याचा वर्ण होता, तो वेस्ट इंडीजमधून आलेला बुद्धिमान विद्यार्थी असल्याचा उल्लेख होता. नाव तेवढे नव्हते.

वैद्याने रोग्याचे नाव उघड करू नये, हा संकेत उचितच आहे. हेरिक यांनी तो पाळला, याबद्दल त्यांना कोणी दोष देणार नाही. तथापि पुढे घडले ते असे की, रोगाची कीर्ती पसरत गेली आणि तो भोगणारा माणूस अंधारात गेला. ग्रंथांतून पेशींची चित्रे छापली गेली, हेरिक यांचे नाव विद्यार्थ्यांच्या तोंडी झाले. ज्याच्या बोटातून तो थेंब निघाला, तो केवळ ‘पहिला रोगी’ म्हणून उरला.

आणि तो होता तरी कसा? हेरिक यांच्या निबंधात त्याच्या तापाची, वेदनेची, रक्ताच्या उणेपणाची नोंद आहे. त्या दुखण्याच्या मधल्या काळात तो काय करीत होता, हे पाहिले म्हणजे निराळेच चित्र दिसते. वॉल्टर नोएल शिकत होता. ताप उतरला की तो पुन्हा वर्गात जाऊन बसत होता. सांधे आणि स्नायू दुखू लागले की त्याला अंथरूण धरावे लागे. परंतु परीक्षा काही त्याच्यासाठी थांबत नव्हत्या. आपल्याला काय झाले आहे हे त्याला ठाऊक नव्हते. त्याच्या वैद्यांनाही ते ठाऊक नव्हते. ज्या शत्रूचे नावही माहीत नाही त्याच्याशी झुंज देत त्याने आपला अभ्यासक्रम पुरा केला आणि १९०७ साली आपल्या सहाध्यायांबरोबर दंतवैद्यकाची पदवी मिळविली. पदवी घेऊन तो ग्रेनाडाला परतला. सेंट जॉर्जेस या राजधानीच्या गावी त्याने आपला दवाखाना थाटला आणि दुसऱ्यांच्या वेदना दूर करण्याचे काम तो करू लागला. १९१६ साली फुफ्फुसाच्या विकाराने त्याचा अंत झाला. तिशी ओलांडून त्याला फार दिवस झाले नव्हते. आपल्या दुखण्यावरून जगातील एका मोठ्या रोगाचा शोध लागला आहे, याची त्याला कल्पना असेल असे वाटत नाही. त्या रोगाचे ‘सिकलसेल’ हे नाव रूढ झाले तेच मुळी १९२२ सालानंतर.

या रोगाचे मर्म उलगडण्यास आणखी बरीच वर्षे लागली. रक्तातील तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते. फुफ्फुसातून प्राणवायू घ्यावा आणि तो शरीराच्या कानाकोपऱ्यात पोचवावा, हे त्याचे काम. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, या रोग्यांचे हिमोग्लोबिनच मुळात वेगळ्या घडणीचे असते. पुढे १९५६ साली केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो फरक नेमका कोठे आहे हे हुडकण्याचा मार्ग दाखविला. हिमोग्लोबिनमधील ‘बीटा’ ही साखळी म्हणजे १४६ मण्यांची माळ होय असे मानले, तर तिच्यातील सहावा मणी तेवढा बदललेला असतो. १४६ मण्यांतील एका मण्याचा हा फेर. परंतु त्याचा परिणाम साऱ्या देहाला भोगावा लागतो. प्राणवायू देऊन झाला की असे हिमोग्लोबिन एकमेकांस चिकटते, त्याचे ताठर दांडे बनतात आणि गोल पेशी वाकून विळ्यासारखी होते. लवचीकपणा गेल्यामुळे ती बारीक रक्तवाहिन्यांतून सरकू शकत नाही. तेथेच अडकून रक्ताची वाट अडवते. जेथे वाट अडते तेथे असह्य वेदना उठतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्यासारखी पेशी दहा-वीस दिवसांतच फुटून जाते. त्यामुळे अंगातील रक्त नेहमी उणे राहते आणि डोळ्यांवर पिवळी झाक दिसते.

हा रोग हवेतून, पाण्यातून किंवा स्पर्शाने येत नाही. तो आईबापांकडून येतो. प्रत्येक मुलाला हिमोग्लोबिनचा एक नमुना आईकडून आणि एक वडिलांकडून मिळतो. त्यांपैकी एकच सदोष असेल तर ते मूल ‘वाहक’ होते. त्याला विदर्भात ‘एएस’ म्हणतात. वाहक माणूस चारचौघांसारखाच निरोगी आयुष्य जगतो आणि आपण वाहक आहोत याचा त्याला पत्ताही नसतो. दोन्ही नमुने सदोष मिळाले तर मात्र मूल ‘एसएस’, म्हणजे रोगी होते. आई आणि वडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात मूल रोगी असण्याचा संभव चारांत एक, वाहक असण्याचा चारांत दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याचा चारांत एक असतो. पहिले मूल रोगी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असे मात्र नाही. दर खेपेस फासे नव्याने पडतात.

भारतात हा रोग १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातील आदिवासींच्या रक्ततपासणीत प्रथम आढळला. १९५८ साली शुक्ल आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वाची नोंद प्रसिद्ध केली आणि विदर्भाचे नाव या रोगाशी जोडले गेले. जगाच्या पुष्कळ भागांत हा रोग क्वचितच दृष्टीस पडतो. पूर्व विदर्भात तो आदिवासींत आहे, तसाच इतर अनेक समाजांतही आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांना तो अनोळखी नाही.

हा रोग याच मातीत का रुजला, याचे उत्तर मोठे विलक्षण आहे. १९५४ साली अँथनी ॲलिसन या संशोधकाने पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून सिद्ध केले की, जो माणूस या रोगाचा केवळ वाहक असतो, त्याला घातक हिवतापापासून पुष्कळसे संरक्षण मिळते. जेथे जंगल, साचलेले पाणी आणि डास, तेथे हिवताप. आणि जेथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप, तेथे हा बदललेला मणी टिकून राहिला. तलावांच्या आणि धानाच्या प्रदेशात ज्या पूर्वजांनी तापाच्या साथींना तोंड दिले, त्यांच्यातील कित्येकांना याच मण्याने तारले असले पाहिजे. ज्याला लोक घराण्याचा डाग समजतात, ते पूर्वजांचे चिलखत होते. दोन चिलखते एकाच बालकाच्या वाट्याला आली म्हणजे मात्र त्या कोवळ्या जिवाला त्यांचा भार सोसत नाही. यात कोणाचे पाप नाही, कोणाचा शाप नाही आणि आईचा तर मुळीच दोष नाही.

हे शास्त्र खरे. परंतु घराघरांतील व्यवहार शास्त्राप्रमाणे चालत नाही. पौषातील थंडीत एखाद्या खेड्यातील शाळेत काल पुढच्या बाकावर बसून खणखणीत आवाजात कविता म्हणणारा मुलगा आज येत नाही. हजेरीपुस्तकात त्याच्या नावापुढे गैरहजेरी पडते. दोन दिवस जातात, चार जातात. कोणी म्हणते, ‘कामचुकार आहे’. कोणी म्हणते, ‘धान झोडपायला घरी ठेवला असेल.’ इकडे त्याची आई रात्रभर त्याचे पाय शेकत बसलेली असते, आणि तो दात आवळून हुंदका गिळीत असतो, कारण शेजारी ऐकू जाता कामा नये. डोळे पिवळे दिसले की कावीळ समजून झाडपाला दिला जातो. हाडे दुखली की वात समजून तेल चोळले जाते. मुलगा बरा होऊन शाळेत परततो, तेव्हा खेळाच्या तासाला तो कडेला बसून राहतो आणि सोबती त्याला हसतात.

आणि रोगाचे निदान झाले, की दुसरेच दुःख सुरू होते. घरातील माणसे ते लपवू लागतात. मुलीचे लग्न मोडेल, भावाला सोयरीक मिळणार नाही, गावात बोलवा होईल, या भीतीने तपासणीचा कागद ट्रंकेच्या तळाशी जातो. जेथे ही गोष्ट बाहेर फुटते, तेथे त्या मुलाचे खरे नाव मागे पडते आणि तो ‘सिकलवाला’ होतो. शिकागोच्या त्या तरुणाचे नाव संकेतामुळे निबंधात आले नाही आणि मग विस्मृतीत गेले. वैनगंगेच्या काठच्या या मुलाचे नाव जिवंतपणीच, ओळखीच्या माणसांकडून पुसले जाते. माणसाचा रोग त्याच्या संमतीवाचून चव्हाट्यावर मांडणे हा जसा अन्याय, तसाच तो लपविण्याची पाळी त्याच्यावर आणणे हाही अन्यायच होय. रोग उघड झाला तरी माणूस माणूसच राहील, असा विश्वास ज्या गावात असतो, तेथे लपविण्याचे कारणच उरत नाही.

हा विश्वास धरण्यास आज भक्कम आधार आहे. नोएलच्या काळी वैद्यांच्या हाती काहीच नव्हते. आज पुष्कळ आहे. रक्ताच्या थेंबाची साधी चाचणी करून प्राथमिक संशय घेता येतो आणि पुढील तपासणीने ‘एएस’ की ‘एसएस’ हे निश्चित कळते. रोगी मुलाने पाणी भरपूर प्यावे, थंडीत उबदार कपडे घालावे, उन्हातान्हात अतिश्रम टाळावे, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणि लसी वेळच्या वेळी घ्याव्या आणि ताप आला की अंगावर न काढता दवाखाना गाठावा, एवढ्यानेही त्याचे कितीतरी हाल वाचतात. वैद्याच्या देखरेखीखाली घेतलेले हायड्रॉक्सियुरिया हे औषध वेदनांचे झटके कमी करते. जुळणारा भाऊ किंवा बहीण असल्यास अस्थिमज्जेच्या रोपणाने रोग समूळ जाऊ शकतो. २०२३ साली इंग्लंड आणि अमेरिका या देशांनी जनुकातच फेरफार करणाऱ्या उपचाराला मान्यता दिली. तो उपचार अद्याप सामान्य माणसाच्या ऐपतीपलीकडे आहे, तरी वाट दिसू लागली आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ सालच्या कायद्याने भारतात या रोगाचा समावेश आपल्या यादीत केला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी करावी आणि २०४७ सालापर्यंत हा रोग सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून उरू देऊ नये, हा त्याचा संकल्प आहे. विवाहापूर्वी दोघांनीही रक्त तपासून घेतले, तर पुढच्या पिढीतील पुष्कळ वेदना टळतील. या तपासणीत लज्जास्पद असे काय आहे? लोक पत्रिका जुळवितात. रक्ताची पत्रिका पाहणे त्याहून कितीतरी हिताचे.

वॉल्टर नोएलचे नाव अखेर सापडले. १९८९ साली टॉड सॅव्हिट आणि मॉर्टन गोल्डबर्ग या दोन अभ्यासकांनी जुन्या नोंदींचा माग काढीत हेरिक यांचा तो अनामिक रोगी कोण होता हे जगापुढे मांडले. त्याचे घराणे कळले, शिक्षण कळले, दवाखाना कळला. ग्रेनाडाच्या उत्तर टोकाशी सोतेर नावाच्या गावी असलेली त्याची समाधीही माहीत झाली. मृत्यूनंतर सत्तराहून अधिक वर्षांनी काचपट्टीवरील पेशींच्या मागे एक चेहरा उभा राहिला. दुखणे अंगावर वागवीत पदवी मिळविणारा आणि आपल्या माणसांत परतून त्यांची सेवा करणारा एक तरुण उभा राहिला. पेशींच्या चित्रावरून त्याच्या रोगाची कल्पना येते. त्याच्या योग्यतेची कल्पना यावयास त्याचे जीवनच पाहावे लागते.

भंडारा जिल्ह्यातील उपकेंद्रांत आणि शाळांत आता रक्ततपासणीची शिबिरे भरतात. आरोग्यसेविका समोर नोंदवही उघडून बसलेली असते. एकेक मूल पुढे येते, बोट पुढे करते आणि सुईच्या भीतीने मान दुसरीकडे वळविते. सुई टोचण्याआधी ती त्याला एक प्रश्न विचारते, ‘बाळा, नाव काय तुझं?’ आणि मूल सांगेल ते नाव ती आपल्या वळणदार अक्षरात लिहून घेते. त्या वहीत रोगाचा रकाना पुष्कळ पुढे असतो. अनुक्रमांकानंतरचा पहिला रकाना नावाचाच असतो.